भिंतीची ओटी

चांदा जिल्ह्यातल्या सावली गावाच्या आसपासच्या पंचवीस गावांत भिंतीला कपडे नेसवणारी बाई एकच होऊन गेली, आणि ती माझी मोठी माय, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको होती. उघडी वस्तू तिला बघवत नसे. पाण्याच्या घागरीला फडक्याची टोपी, रॉकेलच्या डब्याला जुन्या लुगड्याचा परकर, जात्यावर गोधडी. लाकडी उखळावरसुद्धा तिनं ठिगळांचं झाकण शिवून घातलं होतं. आमचे किडकिडीत गुरुजी एकदा माझी तक्रार घेऊन आले आणि ते बसायचं समजून त्यावर टेकले. टेकले ते थेट आत गेले. दोघांनी हात धरून त्यांना बाहेर ओढलं, तेव्हा मोठी माय शांतपणे म्हणाली, "गुरुजी, ते बसाचं नोहोय, कुटाचं होय."

पण तिची खरी कारागिरी स्वयंपाकघरात. ती खोली बांबूच्या कुडावर माती लिंपलेली. चुलीत येनाचं, म्हणजे ऐनाचं, ओलं लाकूड, त्यामुळे भिंती अशा काळ्या की घरातलं काळं मांजर तिथे बसलं तर डोळे मिटेपर्यंतच दिसायचं. दिवाळीला पांढऱ्या मातीचा पोतारा मारावा, तर संक्रांतीपर्यंत पुन्हा तोच रंग. तिचा नवरा, माझे मोठे बाबा, वारले त्याच्या दुसऱ्या वर्षी तिनं यावर बिनपैशाचा उपाय काढला. तिच्या पेटीत चोळीचे साठ-सत्तर खण होते, सगळे ओटीत आलेले. आमच्याकडे ओटीतला खण सहसा शिवत नाहीत. तो जपून ठेवायचा आणि पुढच्या लग्नात दुसरीच्या ओटीत घालायचा. चार गावं हिंडून पहिल्या मालकिणीकडे परत आलेला खण मी डोळ्यांनी पाहिला आहे. मोठ्या मायनं सगळे खण बाहेर काढले, तांदळाच्या कण्यांची खळ शिजवली आणि आठ दिवसांत चारही भिंती मढवून टाकल्या. हिरवा, जांभळा, चौकडीचा, बारीक बुट्ट्यांचा. कण्यांची खळ म्हटल्यावर मुंग्या आल्या, आणि मुंग्यांमागून शेजारच्या भागाबाईची शेळी आली. तिनं दाराजवळचा अख्खा खण आधी चाटला, मग खाल्ला. दुसऱ्या खेपेला मोठ्या मायनं खळीत कडुनिंबाचा पाला उकळला. मग शेळी नुसती बघून जायची.

खरी भानगड पुढेच होती. चुलीतला विस्तव मागायला बाया यायच्या आणि भिंतीवर आपापला खण ओळखायच्या.

"काऊन वं, हा तं माहा खन!" भागाबाई दारातूनच ओरडली.

"तुहाच होय. पह्यल्याच पान्यात रंग सोडला त्यानं, म्हनून मोरीकडं लावला."

"आन् पाटलीनबाईचा चुलीवर?"

"तो इमानदार होय. धुरातही लालच हाय."

तेव्हापासून गावातल्या बाया कोणाच्याही ओटीत खण घालताना दोनदा उजेडात धरून बघू लागल्या. न जाणो, कुठी जाऊन चिकटेल! आणि मोठी माय आम्हाला जेवायला वाढताना हातातल्या पळीनं भिंत वाचून दाखवायची. "हा तुह्या मायनं देल्ला, ती नवी सून होऊन आली तवा. हा माह्या बहिनीचा. आता बहीन नाई, खन हाय."

मी नागपूरहून बी.ए. होऊन आलो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीपुढे कोणी गेलं नव्हतं. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. त्याच उन्हाळ्यात चांद्याहून मुलीकडची माणसं घर बघायला येणार होती. मुलगी मॅट्रिक, बाप कचेरीत. मी स्वयंपाकघरात उभा राहिलो, भिंतींकडे पाहिलं आणि मला लाज वाटली.

"मोठी माय, हे सगळं काढून टाक. लोक हसतील."

ती तांदूळ निवडत होती. "बापू, माह्या हातचा खन आता कोनी घेत नाई. भिंत घेते."

कॉलेजात विधवांच्या प्रश्नावरच्या वादविवादात मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. ते भाषण मी तिला थोडक्यात पुन्हा ऐकवलं. या रूढी दुष्ट आहेत, त्या मोडल्याच पाहिजेत, वगैरे. तिनं तांदूळ बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"लय चांगला बोलतं तू. मंग राहू देऊ का खनं?"

"नको," मी म्हणालो. "पाहुणे चांद्याचे आहेत."

तिनं गरम पाणी मारून एकेक खण सोडवला. निंबाची खळ पक्की निघाली, बहुतेक सगळे फाटूनच आले. मग तिनं पोतारा मारला. पाहुणे आले, पडवीत बसले, चहा-पोहे घेऊन गेले. स्वयंपाकघरात कोणी डोकावलंसुद्धा नाही. लग्न जमलं.

नव्या सुनेची ओटी भरायला बाया बसल्या, तेव्हा मोठी माय मागच्या दाराशी उभी होती. "पहिली ओटी मोठ्या मायच्या हातची," एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. बी.ए.च्या पेपरात मी याहून कितीतरी लांब वाक्यं लिहिली होती. हे काही तोंडातून निघालं नाही.

पुढच्या वर्षी चांद्याच्या बाजारातून मी एक मोरपंखी खण आणला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, भिंतीला लाव. तिनं तो मांडीवर पसरला, दोन्ही तळव्यांनी सपाट केला, काठ बोटांत धरून पाहिला आणि पुन्हा घडी घातली.

"कापड चांगलं हाय. सुनेले दे, शिवून घालन थे. भिंत राहू दे आता पांढरी. शिकल्यासारखी दिसते."

टोमणा असेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. टोमणा नव्हता. ती खरंच भिंतीकडे कौतुकानं बघत होती. टोमणा असता तर बरं झालं असतं.