खोळ घातलेली खुर्ची

आमच्या घरात खोळ नसलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे माझं तोंड, असं आमचे हे म्हणतात. बाकी मिक्सर, वॉशिंग मशीन, टीव्हीचा रिमोट, सगळ्यांना मी शिवलेले कपडे आहेत. तीस वर्षं शाळेत मुलींना शिवण शिकवलं, आता हात स्वस्थ बसत नाहीत. त्यामुळे नातीची गाडीत बसायची खुर्ची आमच्याकडे आली, तेव्हा मी आधी तिची मापं घेतली.

लेक बंगळूरला असते. पंधरा दिवसांसाठी म्हणून आली आणि ऑफिसच्या एका फोनवर चौथ्या दिवशी परत गेली. तीन वर्षांची नात आमच्याकडे राहिली. ठरलं असं की रविवारी मी तिला विमानाने पोचवायची, एकटीने, तिच्या त्या खुर्चीसकट. कारण विमानाच्या साध्या सीटवर आमचं रत्न पट्ट्याखालून सुळकन निसटतं आणि फिरायला निघतं. स्वतःच्या खुर्चीत मात्र शहाण्यासारखं बसतं.

"एवढं काय त्याचं?" मी लेकीला फोनवर म्हटलं. "तुला आम्ही स्कूटरवर पुढे उभी करून खडकवासल्याला न्यायचो."

"म्हणूनच," ती म्हणाली.

मग तिने अट घातली. मी नीट घेऊन आले, तर मे महिनाभर नात पुण्यात. गडबड झाली, तर यापुढे आणणार-नेणार तीच, आणि तेही तिला रजा मिळेल तेव्हा. तिला रजा कशी मिळते ते मी नुकतंच पाहिलं होतं. त्या एका महिन्यासाठी मी विमान स्वतः चालवत नेलं असतं.

पुढे ती बऱ्याच सूचना देत होती आणि मी हो हो म्हणत होते. त्या वेळी मी सुई ओवत होते. सुई ओवताना मी कुणाचंच ऐकत नाही.

विमानतळावर ज्या पट्ट्यावर सगळ्या गावाच्या बॅगा लोळतात, त्यावर पोरीची खुर्ची उघडी कशी ठेवायची? जुन्या निळ्या चौकड्यांच्या चादरीची खोळ बेतली. पट्ट्यांसाठी भोकं ठेवली, काठ दुमडून घेतले आणि पाठ दुहेरी दोऱ्याने हाताने बंद केली. घरी जेवणाच्या खुर्चीवर ह्यांचा कमरेचा पट्टा लावून ती बसवायचा सरावही केला.

"आता हिच्यावर पत्ता लिहा आणि पोस्टात टाका," हे म्हणाले.

"अहो, तुम्ही फक्त टॅक्सीत ठेवा."

विमानतळावर तपासणीत माझी छोटी कात्री काढून घेतली. तिने धड दोराही कापला जात नाही, म्हटलं, तरी घेतली. बाकी सगळं सुरळीत झालं. खुर्ची खिडकीशी ठेवली, नात माझा पदर धरून उभी होती. तेवढ्यात विमानातली एक मुलगी आली आणि गोड आवाजात म्हणाली, "आजी, पाठीमागचं लेबल दाखवता का? विमानात चालते असं त्यावर लिहिलेलं असतं."

मी सुई ओवत असताना लेक काय सांगत होती, ते मला तेव्हा कळलं.

लेबल खोळीच्या आत होतं. ते दिसलं नाही तर खुर्ची खाली सामानात जाणार होती आणि नात साध्या सीटवर बसणार होती. ती आताच सीटवर चढून पट्ट्याखालून कसं निसटता येतं ते शेजारच्या गृहस्थांना दाखवत होती. मे महिना माझ्या डोळ्यांसमोरून चालला होता.

बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि उसवायला बसले. मुलींना वर्षानुवर्षं सांगत आले, टाका असा घाला की उसवताना रडू यावं. मला आलं. मागे लोक खोळंबले होते.

शेजारचे गृहस्थ पुण्याचेच असावेत. थोडा वेळ बघून म्हणाले, "शिवण उत्तम आहे. आपण बंगळूरपर्यंत उसवालच." मी वर पाहिलंही नाही. पण मग त्यांनीच फोनचा उजेड धरला आणि दुसऱ्या हाताने नातीला चकली दिली, त्यामुळे मी त्यांना माफ केलं.

शेवटी वीतभर शिवण सुटली. लाल अक्षरांतलं लेबल दिसलं, मुलीने वाचलं, हसली आणि गेली. मी खोळ सारखी करत होते, तर लेबलाच्या खाली चिकटपट्टीने लावलेला एक कागद दिसला. खोळ बेतताना मी फक्त मापं पाहिली होती. लेकीचं अक्षर, शाई थोडी उडालेली. वर नातीचं नाव, रक्तगट. खाली लिहिलेलं: काही झालं तर या क्रमाने फोन करावा. पहिला नंबर माझा होता. "आजी, पुणे." दुसरा तिचा, तिसरा जावयांचा.

कागद जुना होता. खुर्ची आणली तेव्हाच लावला असणार. मी खिडकीबाहेर बघत बसले, आणि विमान अजून जागचं हललंही नव्हतं.

बंगळूरला लेक न्यायला आली होती. उसवलेली पाठ बघून तिने नुसत्या भुवया उंचावल्या. मी विचारलं, "माझा नंबर पहिला का गं?"

"मी मीटिंगमध्ये असले की उचलत नाही," ती पोरीला कडेवर घेत म्हणाली. "तू पहिल्या रिंगला उचलतेस."

मे महिन्यात खुर्ची परत पुण्याला आली. मी नवी खोळ शिवली, आणि तिच्या पाठीला पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी ठेवली. लेबल दिसावं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते.