कोरी दुपार

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. एडिनबराहून घरी परतताना ट्रेनमध्ये समोर बसलेले वयस्कर संशोधक, खिडकीबाहेरच्या धुकट समुद्राकडे बघत, भरती-ओहोटी कशी होते ते हळू आवाजात स्वतःशीच समजावत होते.

"जपानच्या एका हायस्कूलमध्ये व्याख्यान आहे, त्याची तालीम," ते ओशाळून मला म्हणाले. "मागच्या वर्षी तिथे एकाही मुलाने प्रश्न विचारला नाही. वाटलं, फसलं सगळं. लगेच निघालो. टॅक्सीतून मागे पाहिलं, तर मुलं वह्या घेऊन रांगेत उभी. सगळ्यांसमोर नाही, नंतर एकेकटी येऊन विचारतात."

"मग या वेळी?"

त्यांनी दौऱ्याचं वेळापत्रक दाखवलं. व्याख्यानानंतरची अख्खी दुपार कोरी होती.

डायरीत कोरी जागा दिसली की तिथे काम लिहून टाकणारी मी, समुद्र संपला तरी खिडकीबाहेरच पाहत राहिले.