मी फक्त नाव घेतलं

हे मी आजवर कोणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, सख्ख्या बहिणीला न्हाई. सांगायला जावं की दुसरंच काहीतरी बोलून मोकळी होते. पण परवा पुतणीचा फोन आला — काकू, माझा जुना मोबाइल नेटवर विकायचाय, काय काय बघू? — आणि मी एका दमात सांगत सुटले. एकटीनं जायचं न्हाई, ओळखीच्या दुकानातच भेटायचं. आपलं सिम आणि कार्ड आधी काढून घ्यायचं, आतलं सगळं पुसायचं. आणि घेणारा कितीही गोड बोलू दे, पैसे पडेस्तोवर फोन त्याच्या हातात द्यायचा न्हाई. बघायचा तर माझ्या हातात बघ म्हणावं! पोरगी हसली. म्हणे, काकू, तुम्हाला बरं एवढं माहीत? मी म्हणाले, पेपरात वाचलं.

पेपरात. बघा, अजून खोटं सुटत न्हाई माझं.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. आमचे हे भोकरदनला शाळेवर मास्तर. ह्यांनी नवा मोबाइल घेतला आणि जुना, कॅमेऱ्याचा, कपाटावर पडून होता. मी तेव्हा दुपारी कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. तिथं कळलं की नेटवर जुन्या वस्तू विकता येतात. माझ्या अंगात वारंच शिरलं! ह्यांनी साफ सांगितलं — नेटवर बिलकुल न्हाई, अनोळखी माणसाच्या नादी लागू नको. मला राग आला. बारावी शिकलेली बाई मी, मला काय कळत न्हाई? मंग मी गुपचूप जाहिरात टाकली, घरचा फोन नंबर दिला. विकून पैसे ह्यांच्या पुढ्यात ठेवायचे आणि तोंड बघायचं, एवढंच मनात होतं.

माणूस आल्ता तो स्टँडवर. चांगला इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम अदबीचं. म्हणे ताई, माझं सिम टाकून बघतो. टाकलं. मंग म्हणे इथं टॉवर येऊन न्हाई राह्यला, त्या गाडीच्या पलीकडं जाऊन बघतो, तोवर माझी पिशवी धरा. मी धरली. खरंच धरली हो! दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राह्यले, त्याच्या वस्तूला जपत. जालन्याची गाडी हलली तरी उभीच. पिशवीत रद्दी आणि एक दगड निघाला.

घरी गेले आणि गप बसले. इथवर मी नुसती येडी होते, वाईट नव्हते — असं मला वाटतं. का तेही माझं मीच ठरवलंय?

संध्याकाळी ह्यांनी कपाटावर हात फिरवला. फोन कुठाय? मी म्हणाले, तिथंच होता. सासूबाई म्हणाल्या, आज घरात कोण आल्तं? आणि मी म्हणाले — कांतामावशी येऊन गेल्या.

त्यात खोटं काय होतं? त्या रोजच यायच्या. धुणंभांडी करायच्या आमच्याकडं. माझ्या माहेरच्या, हसनाबादच्या, म्हणून मी मावशी म्हणायची आणि त्या मला माय म्हणायच्या. मी फक्त नाव घेतलं. पण कोणत्या प्रश्नावर घेतलं, ते मला बराबर कळत होतं. अगदी बराबर.

त्याच महिन्यात शाळेत खिचडी शिजवायला बाई ठेवणार होते. मावशींचे गुडघे गेल्ते, रानातलं काम होईना. मालक वारलेले, पोरगी लग्नाची. ह्यांनीच त्यांचं नाव सुचवलं होतं, जवळजवळ ठरलंच होतं. सासूबाई म्हणाल्या, चोराच्या हातची खिचडी लेकरांना खाऊ घालायची का? मंग त्यांनीच तोड काढली. चतुर्थीला सगळे राजूरला जाऊ. गणपतीच्या पायरीवर हात ठेवून ज्यानं त्यानं सांगावं. आधी घरचे, मंग कांता.

गेलो. गल्लीतल्या दोघी-तिघीही आल्या. ह्यांनी हात ठेवला, सासूबाईंनी ठेवला. मंग मी. पायरी तापलेली होती. मी म्हणाले, फोन मी चोरला न्हाई. स्पष्ट म्हणाले, आवाज बिलकुल हलला न्हाई. कारण ते खरंच होतं ना? असे शब्द मी वाटभर शोधत आल्ते.

मावशींनी हात ठेवला न्हाई. म्हणाल्या, "माझ्या बापानं दीक्षा घेतली तव्हापासून आमच्यात देव न्हाई. ज्याला मानत न्हाई त्याची आन घेतली तर ती खोटीच व्हईल ना? माझ्या लेकीची आन घ्या म्हणा, घेते."

कोणी ऐकलं न्हाई. खरी असती तर हात ठेवायला काय जात होतं, असं बायका तिथंच बोलायला लागल्या. आणि मी? मी त्यांच्या घरात खेळून वाढलेली. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर सोडून दुसरी तसबीर मी कधी बघितली न्हाई. त्या खोटी शपथ घ्यायला घाबरल्या म्हणून चोर ठरल्या, आणि मी खरी शपथ घेऊन सुटले. त्या सगळ्यांत फोन कुठं गेला ते मला माहीत होतं, मावशींनी हात का ठेवला न्हाई तेही मलाच माहीत होतं. मी प्रसादाची पुडी बांधत बसले.

खिचडीचं काम दुसऱ्या बाईला लागलं. मंग एकेक घर सुटत गेलं त्यांचं. शेवटी गाव सोडायच्या आधी त्या आमच्या दारात आल्या. आत आल्या न्हाईत, उंबऱ्याबाहेरच उभ्या. म्हणाल्या, माय, तू माझ्या गावची, तू मला लहानपणापासून बघितलं, तू तरी सांग ह्या लोकायला. घरात कोणी नव्हतं. ह्याहून सोपी वेळ कधी मिळणार होती? दोन वाक्यं होती. मी म्हणाले — मला काय माहीत, मावशी.

असं म्हणाले मी. मला काय माहीत.

कितीदा ठरवलं असेल सांगायचं! हे जेवायला बसले की ठरवते, माहेरी निघाले की ठरवते. आधी वाटायचं हे रागावतील. मंग वाटलं सासूबाई आहेत तोवर नको. सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. आता कोणाची भीती आहे मला? सांगा ना. कोणाचीच न्हाई. तरी सांगत न्हाई. स्वतःचीच किळस येते आणि तरी सांगत न्हाई.

गेल्या दिवाळीला माहेरी गेल्ते. हसनाबादला गाडीतून उतरले तर मावशी समोरच, लेकीच्या खांद्याला धरून उभ्या. केस पार पांढरे झालेले. मला ओळखायला त्यांना वेळ लागला, पण ओळखल्यावर तोंडभर हसल्या. माझा हात हातात घेतला आणि लेकीला म्हणाल्या, "हीच ती मास्तरीण. साऱ्या भोकरदननं मला चोर म्हटलं, पर हिनं एकदा बी म्हटलं न्हाई. हाय ना गं माय?"

मी हो म्हणाले.