सोळा मशीन, एक इन्स्टॉलर

"अडतीस जीबी," मी म्हणालो. "एका मशीनला दोन पूर्णांक चार जीबी, मशीन सोळा. त्या शाळेत मोबाइलचं नेट दोन एमबीपीएस मिळतं, तेही चांगला दिवस असला तर. न थांबता चाललं तरी पावणेत्रेचाळीस तास लागतील."

व्हिडिओ कॉलवर बंगळूरचा किरण म्हणाला, "शेखसाहेब, तुम्ही टेस्टिंग करता की पाढे पाठ करता?"

"दोन्ही," मी म्हणालो. "म्हणून तर तुमच्या इन्स्टॉलरच्या विरोधात मत देतोय."

मी धाराशिवच्या एका पॉलिटेक्निकमध्ये लॅब असिस्टंट आहे. नोकरीला बावीस वर्षं झाली. सुटीच्या दिवशी मी एका मोफत ऑपरेटिंग सिस्टीमसाठी काम करतो. कॉम्प्युटर सुरू केल्यावर पडद्यावर जे येतं आणि बाकी सगळे प्रोग्रॅम ज्याच्या जोरावर चालतात, ती ऑपरेटिंग सिस्टीम. आमची सिस्टीम कुणीही फुकट घ्यावी आणि वाटावी. ती बनवणारे आम्ही तीसेक जण पगाराविना काम करतो. बहुतेकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलंही नाही. माझं काम टेस्टिंगचं. नवीन आवृत्ती मशीनवर टाकायची, घड्याळ लावायचं, काय बिघडलं ते लिहायचं.

तीन आठवडे आमचा एकच वाद चालला होता. सिस्टीममधलं प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेज म्हणून येतं. पॅकेज म्हणजे बांधलेलं गाठोडं. आत काय आहे आणि सोबत आणखी कोणती गाठोडी लागतात, याची चिठ्ठी त्यावर असते. ही गाठोडी मशीनवर नेऊन सोडवणारा प्रोग्रॅम म्हणजे इन्स्टॉलर. किरणनं लिहिलेला इन्स्टॉलर अगदी छोटा, अडतीस एमबीचा. तो मशीन सुरू करतो आणि बाकीची पॅकेजेस नेटवरून ओढतो. मला हवी होती पूर्ण इमेज, म्हणजे सगळी पॅकेजेस एकाच पेनड्राइव्हवर. बदली झाल्यावर नुसती वळकटी घेऊन नव्या गावी जायचं आणि भांडीकुंडी तिथल्या बाजारात घ्यायची, ही किरणची रीत. सगळा संसार टेम्पोत घालून न्यायचा, ही माझी. जिथं बाजारच नाही तिथं वळकटीवाला उपाशी राहील, असं माझं म्हणणं.

पुण्याची वैदेही आमची रिलीज मॅनेजर. कोणती आवृत्ती कधी बाहेर पडणार ते तीच ठरवते. तिनं वाद थांबवला.

"दोन्ही सांभाळायला माणसं नाहीत," ती म्हणाली. "शेखसर, तुम्ही शनिवारी शाळेत जाताय ना? तिथं जे चालेल ते रिलीज होईल. रविवारी सकाळी मी कुलूप लावणार, मग बदल नाही."

शाळा माकणी धरणाच्या बाजूची. तिथल्या मुख्याध्यापिका जाधव मॅडमचा मला आधीच फोन आला होता. लॅबमधले सोळा कॉम्प्युटर जुन्या सिस्टीममुळं बंद पडल्यात जमा होते. "सोमवारी तालुक्याहून साहेब येणार," त्या म्हणाल्या. "दहा मशीन चालू दिसली तर लॅब राहील. न्हाय दिसली तर मशीन भंगारात जातील आणि खोलीत पोषण आहाराचा तांदूळ ठेवतील. माझ्या नववीच्या पोरींनी मग कॉम्प्युटर कुठं बघायचा, तुम्हीच सांगा."

शनिवारी सकाळची शाळा. साडेअकराला मुलं गेली आणि मी लॅबमध्ये शिरलो. सोबत लॅपटॉप, चार पेनड्राइव्ह, बरीच मशीन एकमेकांना जोडणारा नेटवर्कचा स्विच आणि वायरी. शिपाई महादेवमामांनी खोली झाडून ठेवली होती. मशीनवरचे स्टिकर बघून मला हायसं वाटलं. कंपनी, मॉडेल, सगळं आमच्या कॉलेजच्या लॅबसारखंच. कॉलेजात मी पूर्ण इमेज अठरा मिनिटांत टाकली होती. चार-चार मशीनचे चार गट, चार गुणिले अठरा, बहात्तर मिनिटं. अडीचची एसटी मिळणार, असा हिशेब मी मनात करूनही टाकला.

पहिला पेनड्राइव्ह लावला. आमचं चिन्ह आलं, निळा पडदा आला आणि तिथंच सगळं गोठलं. माउस हलेना. दुसऱ्या मशीनवर तेच. तिसऱ्यावर तेच.

दहा मिनिटांनी मला सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. मशीन उघडलं. आत रॅम एक जीबी. रॅम म्हणजे मशीनला कामाच्या वेळी सामान मांडायला मिळणारी जागा. पूर्ण इमेज आधी चित्रांचा मोठा पडदा उभा करते, त्याला ही जागा पुरत नाही. कॉलेजातल्या मशीनमध्ये चार जीबी होती. तीन वर्षांपूर्वी ती मीच माझ्या हातानं वाढवली होती आणि विसरून गेलो होतो. कुठं मोजलं, ते न लिहिता मी तीन आठवडे अठरा मिनिटांचा आकडा सगळ्यांच्या तोंडावर मारत होतो.

"जमंना काय सर?" महादेवमामांनी विचारलं.

"माझं चुकलंय मामा."

"मंग चहा आणतो."

चहा होईपर्यंत मी किरणचा छोटा इन्स्टॉलर लावून पाहिला. तो चित्रं दाखवत नाही, नुसती अक्षरं. एक जीबीत झटकन सुरू झाला आणि म्हणाला, पॅकेजेस कुठून आणू? मी त्या ओळीकडं बघत राहिलो. पॅकेजेस नेटवरच असली पाहिजेत असं कुठं होतं? माझ्या लॅपटॉपवर पूर्ण इमेज होती आणि तिच्यात एकूणएक पॅकेज होतं. स्विच लावला, वायरी जोडल्या, लॅपटॉपचा पत्ता टाकला. बाजार आता खोलीतच होता. एंटर दाबलं.

दोन सेकंदांत उत्तर आलं: पॅकेजांची यादी विश्वासार्ह नाही. थांबतो आहे.

खोलीत रेंज नव्हती. मामा म्हणाले, "झेंड्याच्या कट्ट्यावर उभं ऱ्हावा, तिथं दोन दांड्या येत्यात." कट्ट्यावरून किरणला फोन लावला. आधी रॅमची चूक सांगितली. तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं. मग नवीन अडचण सांगितली.

"यादीवर वैदेहीची डिजिटल सही असते," किरण म्हणाला. "मधल्या मधे कुणी फेरफार केला नाही, याची खूण. सही जुळली नाही तर इन्स्टॉलर थांबणारच. तुमची इमेज खराब असेल."

"काल तीन वेळा तपासलीय."

"मग मला इथून काही दिसत नाही, साहेब."

मी परत आलो तर मामा चहाचा कप धरून पडद्याकडं वाकले होते. "सर, हे मशीन लई मागं ऱ्हायलंय की. ह्यातल्या तारखेला माझ्या पोरीचं बारसंबी झालं नव्हतं. आता नववीत हाय ती."

मी चष्मा वर करून पाहिलं. कोपऱ्यात सोळा वर्षांपूर्वीची एक जानेवारी. जुन्या मशीनमध्ये घड्याळासाठी बटणाएवढा सेल असतो. तो मेला की वीज गेल्यावर तारीख मूळपदावर जाते. सही मागच्या आठवड्यातली. मशीनच्या लेखी ती सोळा वर्षांनी व्हायची होती. न झालेल्या सहीवर ते विश्वास कसा ठेवणार?

मी पळत कट्ट्यावर गेलो. माझ्या वयाला ते शोभलं नसेल.

"अरे देवा," किरण म्हणाला. "आमच्याकडं मेलेला सेल कुणी ठेवतच नाही."

"इथं जिवंत सेल कुणाकडं नाही. हातानं तारीख टाकतो, पण वीज गेली की पुन्हा तेच होणार."

"हातानं नको. घड्याळ इन्स्टॉलर बनल्याच्या तारखेच्याही मागं असेल, तर ते चुकीचंच. तेवढं पुढं आणायचं. पंचवीस मिनिटं द्या."

त्यानं एकतीस घेतली. कट्ट्यावर उन्हात उभं राहून मी नव्या इन्स्टॉलरचे अडतीस एमबी उतरवून घेतले. पावणेतीनला पहिली चार मशीन लावली. पॅकेजांची नावं पडद्यावरून सरसर वर जाऊ लागली. जाधव मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या.  तीन सोळाला चारही मशीन मराठीत उघडली.

"चार," मॅडम म्हणाल्या.

तीन एक्कावन्नला आठ. नववं ते बारावं निम्म्यावर असताना वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, बाकी सगळं काळं. पंधरा मिनिटं आम्ही तिघं पंख्याकडं बघत बसलो. वीज आली, मशीन सुरू केली, तारीख पुन्हा सोळा वर्षं मागं. इन्स्टॉलरनं एक ओळ छापली: घड्याळ मागे होते, पुढे केले. आणि तो कामाला लागला.

"व्हय, शाणा हाय," मामा म्हणाले.

पाचला एक मिनिट कमी असताना बारा मशीन झाली. साडेपाचपर्यंत चौदा. उरलेल्या दोन मशीनचे मदरबोर्डच गेलेले होते. त्यांना कुठलीच सिस्टीम जिवंत करू शकत नाही. माझी एसटी तीन तासांपूर्वी गेली होती.

सोमवारी साहेबांनी एका मशीनवर स्वतःच्या गावाचं नाव मराठीत टाइप करून पाहिलं आणि लॅब चालू असा शेरा दिला. तांदूळ व्हरांड्यातल्या कपाटात गेला.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना लिहिलं होतं की माझी अठरा मिनिटं बाद धरा. किरणचा इन्स्टॉलर जिंकला, माझी पॅकेजेस पेनड्राइव्हवर त्याच्याशेजारी एका फोल्डरमध्ये बसली आणि घड्याळाची दुरुस्ती रिलीजमध्ये गेली. बिघाड शोधणाऱ्याचं नाव वैदेहीनं विचारलं तेव्हा मी महादेवमामांचं दिलं. तिनं ते रिलीजच्या माहितीपत्रकात तसंच छापलं.

एवढ्यावरून मी एक नियम केला आहे. आकड्याशेजारी मशीनची रॅम लिहायची, आणि रॅम लिहिण्याआधी मशीन उघडून बघायचं. स्टिकरवरून फक्त मॉडेल कळतं.