ओसाकात एकटीच हसली ती

ओजिमा या जपानी उपनगरातल्या घरी मुलाने आणलेली नवी इंग्रजी कादंबरी उघडताच कोऱ्या कागदाचा वास आला, आणि मागच्या पानावरच्या छायाचित्रातल्या लेखकाला मी ओळखले. हा आयरिश गृहस्थ पूर्वी रंगमंचावर विनोद सांगत असे. ओसाकात माझी नेमणूक असताना आम्ही उभयता त्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो. जपानी प्रेक्षक अदबीने माना डोलावत निःशब्द ऐकत होते. हसत होती ती एकटी माझी पत्नी. अखेर तो कपाळ पुसत म्हणाला, "यापुढे पुस्तकेच लिहीन. वाचकांची शांतता ऐकावी तरी लागणार नाही." आणि त्याने कार्यक्रम अर्ध्यावरच थांबवला.

मी ताडकन उठलो. "तिकिटावर दीड तास छापला आहे! हा उघड करारभंग आहे. उद्याच लेखी तक्रार करतो."

पत्नीने माझी बाही ओढली. "अहो, बसा खाली! त्या बिचाऱ्याची कारकीर्द बुडते आहे आणि तुम्ही नोटीस कसली देताय?" मग तीच उभी राहून टाळ्या वाजवू लागली. त्याने तिच्याकडे वळून कमरेत वाकून नमस्कार केला.

ती जाऊन आता बरीच वर्षे झाली. कादंबरीविरुद्ध माझी तक्रार एकच आहे: पहिल्याच प्रकरणात मला हसू फुटले, आणि "हसलात की हो!" म्हणणारे शेजारी कोणी नव्हते.