नऊ नंबरचा कोरा शर्ट

फुटबॉल क्लबच्या गॅलरीखाली, म्हणजे प्रेक्षकांच्या अगदी बुडाखाली म्हटलं तरी चालेल, एक लांबट खोली आहे. तीन वॉशिंग मशीन, एक सिमेंटचा हौद, इस्त्रीचं टेबल आणि डागमावशी, एवढा तिथला ऐवज. बावीस वर्षांत मशीन दोनदा बदलल्या. मावशी बदलली नाही आणि तिचा आवाजही. तिन्ही मशीन एकदम धडधडत असल्या तरी तो आवाज पलीकडच्या गोलपोस्टपर्यंत खणखणीत पोचतो, आणि पोचला की तिथला माणूस आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघतो.

कारण डागमावशीला डाग वाचता येतात.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कपड्यांचा डोंगर हौदाच्या कठड्यावर ओतते आणि एकेक शर्ट उजेडात धरून निकाल द्यायला लागते. "हा बघा चार नंबर. सगळा चिखल पाठीवर. म्हणजे मागे मागे सरकत पडला. समोरचा अंगावर आला की याची गाळण उडते. हा सहा नंबर. दोन्ही कोपरं हिरवी. शाब्बास! आणि हा कोण? काखा भिजलेल्या, बाकी सगळं कोरडं ठाक? नुसते हात वर करून ओरडत होता मेला, मला दे, मला दे!" हे 'मला दे' ती असं काही नाकात म्हणते की दारात उभा असलेला आठ नंबर लाल होऊन काढता पाय घेतो.

एका गोलकीपरचे गुडघे सलग तीन सामने स्वच्छ आले, तेव्हा तिने जाहीर केलं, "याचं मन उडालंय." पंधरा दिवसांनी तो मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलताना दिसला. तेव्हापासून लोक पेपर वाचायच्या आधी मावशीकडे चक्कर टाकतात. कुणाला बादली हवी असते, कुणाला सुई, पण कान सगळ्यांचे हौदाकडे.

एक गोष्ट मात्र मावशी करत नाही. ती सामना बघत नाही. डोक्यावर हजार पाय आपटत असतात, छताचे पोपडे हौदात पडत असतात, आणि ही खाली शांतपणे तुटलेल्या नाड्या ओवत बसते. कुणी विचारलंच तर म्हणते, "बघितलं की माणूस फसतो. डोळ्यांना आरडाओरडा दिसतो, काम दिसत नाही. कपडा फसवत नाही."

आणि इथेच काडीचं घोडं अडलं होतं.

काडी म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. अकराव्या वर्षी क्लबमध्ये शिकायला आला, मावशीच्या घरी राहिला, आता एकोणीसचा झाला. उभा मोजला तर सहा फूट, आडवा मोजायला गेलात तर हाती काही लागत नाही, म्हणून काडी. क्लबचा नऊ नंबर. पुढे राहून गोल मारणं हे त्याचं काम आणि या हंगामात त्याने चौदा मारले होते. देशाच्या संघाचं शिबिर महिन्यावर आलं होतं. पेपरवाल्यापासून पाववाल्यापर्यंत जो तो एकच विचारायचा, "काय मावशी, भाचा जाणार ना?"

"नाही," मावशी म्हणायची.

"अहो, चौदा गोल!"

"गोल काय, उभ्या उभ्याही होतात. शर्ट बघा त्याचा. सामना झाल्यावर दुकानात नेऊन नवा म्हणून टांगा, कुणी ओळखायचं नाही. जो पडत नाही तो झुंजत नाही. त्याला देशाचा शर्ट कशाला? कोरा ठेवायला?"

क्लबच्या प्रशिक्षकांना सगळे सर म्हणतात. सरांना वाक्याच्या शेवटी 'काय समजलात?' लावायची सवय आहे, शिट्टी तोंडात असली तरी. ते काकुळतीला यायचे. "मावशी, पोरगा दर दहा मिनिटांनी जमिनीवर असतो हो, काय समजलात?"

"समजले. मग डाग कुठंय?"

यावर सर शिट्टी चावायला लागायचे. काडी जवळपास असला तर नुसता हसायचा. मावशीला त्या हसण्याचाच जास्त राग यायचा. खरं सांगायचं तर दर सामन्यानंतर तिला वाटायचं, आज तरी याच्या शर्टातून मातीचा एक गोळा निघावा. एवढासा निघाला तरी पुरे. पण निघायचा नाही. हल्ली तर ती नऊ नंबर नीट बघतही नव्हती. घरच्या माणसाचं उणं चारचौघांत कशाला दाखवा, म्हणून दोन बोटांनी उचलायची आणि सरळ मशीनमध्ये ढकलायची.

त्या मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला निवड समितीचे साहेब खोलीत उतरले. बारीक चष्मा, काखेत वही आणि बोलणं सगळं टक्क्यांत.

"मावशी, माझं ऐंशी टक्के ठरलंय," स्टुलावर टेकत ते म्हणाले. "पुढच्या फळीत जागा एक, पोरं दोन. एक तुमचा भाचा. गोल मोजले, धावणं मोजलं, व्हिडिओ पाहिले. पण व्हिडिओत काय, गोल तेवढे दाखवतात. मला उरलेले वीस टक्के हवेत. लांबच्या मैदानावर, चिखलात, कुणी बघत नसताना हा पाय मध्ये घालतो की अंग चोरतो?"

"सरांना विचारा."

"विचारलं. वाघ आहे म्हणाले. नव्वद टक्के सर हेच म्हणतात. मग बाहेर चार माणसांना विचारलं, तर चौघांनी इकडे बोट दाखवलं. म्हणे मावशी स्वतःच्या भाच्यालाही सोडत नाही. पाच वाजता यादी द्यायचीय. सांगा."

साहेबांच्या पाठीमागे दारात सर उभे होते. त्यांनी मावशीला आधी हात जोडले, मग कान धरले, मग छातीवर हात ठेवून डोळे मिटले. मावशीला सगळं दिसत होतं. एक 'हो' म्हटलं की झालं. बहिणीचा फोन येईल, ती रडेल, हसेल. पाववाला सगळीकडे वर्दी देईल. एक अक्षर. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा इस्त्रीच्या टेबलामागे होता. त्याला सगळे इस्त्रीकाका म्हणतात. लग्नाला तीस वर्षं झाली आणि त्यातली एकोणतीस त्याने 'हं' वर काढली आहेत. आताही तो "हं" म्हणाला, पण त्यातून काहीच कळलं नाही.

"गोल करील," मावशी म्हणाली. आवाज नेहमीच्या निम्मासुद्धा नव्हता. "पण पडायचा नाही. अंग राखून खेळतो. बावीस वर्षांत मी खोटा डाग वाचला नाही. बहिणीच्या मुलासाठी आता कुठे वाचू?"

साहेबांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि पेनाला टोपण लावलं. "आभारी आहे. शंभर टक्के झालं." सर दारातल्या उपड्या बादलीवर बसले आणि थोड्या वेळाने साहेबांना गाडीपर्यंत सोडायला गेले, वरातीतून हाकलल्यासारखे.

मशीन धडधडत राहिल्या. मावशीने हौदातला एक मोजा पिळायला घेतला.

"अगं," इस्त्रीकाका म्हणाला.

मावशी दचकली. "काय झालं? भाजलं का?"

"हा रविवारचा नऊ नंबर." काकाने शर्ट खिडकीसमोर धरला. "डाव्या कुशीवर विरलाय. कोपरांवर पण. आरपार दिसतंय."

"तुमची इस्त्री जास्त तापते."

"बाकीच्या वीस शर्टांवर तीच फिरते." काकाच्या आयुष्यातलं हे सगळ्यात लांब भाषण होतं आणि अजून संपलं नव्हतं. "वापरून असं विरत नाही. घासून विरतं."

मावशीने शर्ट हिसकावला. कापडावर बोट फिरवलं. विरलेल्या जागी धागे विंचरल्यासारखे एका दिशेला झोपले होते. खालून वर. 

गवताचा डाग नुसत्या साबणाला दाद देत नाही. त्याला व्हिनेगर लावायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि जुन्या टूथब्रशने खालून वर घासायचं. ही रीत मावशीची स्वतःची. तिने ती फक्त एका माणसाला शिकवली होती. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि हौदाच्या कठड्यावर पाय हलवत बसायचा. आणि घरातली व्हिनेगरची बाटली दर महिन्याला संपते कशी, याबद्दल तिने आठ वर्षं काकावर संशय घेतला होता!

सराव नुकताच सुटला होता. खेळाडूंच्या न्हाणीघरात मावशी थेट घुसली. टॉवेलवाल्यांची पळापळ झाली, एक जण तर साबणासकट बाकाखाली गेला. शेवटच्या बेसिनपाशी काडी पाठमोरा उभा. शेजारी बाटली, हातात ब्रश.

"काय चाललंय?"

"दात घासतोय," काडी न वळताच म्हणाला.

"शर्टाचे?"

काडी वळला. बेसिनमध्ये सरावाचा शर्ट होता. अर्धा स्वच्छ, आणि उरलेल्या अर्ध्यावर निम्मं मैदान.

"कधीपासून?"

"आलो त्या आठवड्यापासून."

"का रे गाढवा?"

"तू तेव्हा तीन नंबरच्या शर्टावर ओरडत होतीस." काडीने कमरेवर हात ठेवून मावशीचाच आवाज काढला. "'याच्या आईने याला माणसात वाढवलं की डबक्यात? याचं धुता धुता माझे खांदे निखळायचे!' म्हटलं, आपण हिच्या घरी राहतो, जेवतो, वर हिचे खांदे कशाला निखळवा. पुढे हातच बसला."

मावशीने व्हिनेगरची बाटली उचलून बाजूला आपटली. "आणि मी जगभर सांगत सुटले होते की तू पडत नाहीस, तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे. तुला डागातलं सगळंच कळतं ना! मी हवेत जाऊ नये म्हणून तसं म्हणतेस, असं वाटलं."

"तेच मी आत्ता निवड समितीच्या साहेबांना सांगितलं."

काडीच्या हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. हसणं कुठल्या कुठे गेलं. तो एकदम अकरा वर्षांचा दिसायला लागला.

"दे तो शर्ट," मावशी म्हणाली.

"अगं, अर्धाच झालाय..."

"तेच नशीब!"

फाटकाकडे जायचा रस्ता मैदानाला वळसा घालून जातो. मावशीने वळसा घातला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिने मैदानात पाय ठेवला तो चपलेसकट, आणि नुकत्याच मारलेल्या चुन्याच्या रेघा तुडवत ती तिरकी सुटली. एका हातात घाणेरडा शर्ट, दुसऱ्यात विरलेला. माळी मागून ओरडत होता, "मावशी, रेघ! मावशी, रेघ!" साहेबांच्या गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. मावशीने दोन्ही शर्ट बॉनेटवर पसरले. आता गाडी कुठे जाते!

"मावशी, माझं शंभर टक्के झालंय," साहेब काच खाली करून म्हणाले.

"त्यातले वीस परत द्या. उतरा खाली."

साहेब उतरले.

"हा आजच्या सरावाचा. सरावाचा, साहेब! प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत. डावी कूस बघा, आडवा घसरलाय. बरगडीवर हा दुसऱ्याच्या बुटाचा ठसा. म्हणजे खाली पडल्यावरही चेंडू सोडला नाही, तुडवून घेतलं. आणि हा सामन्याचा. कोरा आहे ना? उजेडात धरा."

साहेबांनी धरला. कापडातून ऊन झिरपून त्यांच्या चष्म्यावर पडलं.

"पोरगा माझ्या आधी स्वतःच धुवायचा, मला त्रास नको म्हणून. इतके डाग काढलेत की कापड उरलं नाही. आणि मी बघितलंच नाही. लाज वाटायची म्हणून डोळे मिटून मशीनमध्ये टाकत होते." मावशीला धाप लागली होती, पण आवाज परत आला होता आणि माळ्यापर्यंत पोचत होता. "मी चुकले. वहीत लिहा, डागमावशी चुकली. सरांच्या देखत लिहा."

"काय..." सर म्हणाले. पुढचं 'समजलात' बाहेर पडलंच नाही.

साहेबांनी बुटाच्या ठशावर बोट ठेवलं. "मावशी, मग हा मोठ्या मैदानावर टिकेल?"

"ते मी कसं सांगू? मी त्याला खेळताना कधी बघितलंच नाही."

साहेब हसले, आणि त्या हसण्यात एकही टक्का नव्हता. वही उघडून त्यांनी दोन ओळींवर काट मारली आणि गाडीत बसले.

साडेपाचला सरांच्या फोनवर यादी आली. पुढच्या फळीतलं शेवटचं नाव काडीचं होतं. पाववाल्याने सगळीकडे वर्दी दिलीच, वर "मी आधीच म्हणालो होतो" हेही जोडलं.

दोन महिन्यांनी एका दुपारी गॅलरीखालच्या खोलीत टीव्ही आणला गेला आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवला गेला. मशीन बंद होत्या. मावशी हौदाच्या कठड्यावर बसली होती. आयुष्यातला पहिला सामना, आणि हातांचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं, म्हणून तिने रिकामी बादली मांडीवर घेतली होती. सत्तराव्या मिनिटाला काडी मैदानात उतरला. देशाचा शर्ट पांढरा होता. दहा मिनिटं त्याला चेंडू मिळालाच नाही आणि सरांनी शिट्टी चावून चावून चपटी केली. मग डावीकडून एक लांब चेंडू आला. काडी धावला, दोन आडदांड गडी अंगावर आले, तिघं मिळून कोसळले. आडवा पडल्या पडल्या काडीने पाय लावला आणि चेंडू खांब चाटून बाहेर गेला.

"अरेरे!" सगळी खोली एकदम म्हणाली.

पडद्यावर काडी उठत होता. काखेपासून कमरेपर्यंत हिरवागार.

मावशी ताडकन उभी राहिली. बादली गडगडत दारापर्यंत गेली. "डावी कूस! कोपर! अरे तिथे धुणारं कोण आहे? आधी गार पाण्यात घाला! गरम नको, डाग बसेल! व्हिनेगर! खालून वर!"

"हं," इस्त्रीकाका म्हणाला. "पोचलं असेल."