ओठांवरचा पहारा

बावीस वर्षं धम्मदीपा नवऱ्याच्या ओठांवर पहारा देत होती. लोकेश दिवसा नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल गावच्या ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचा आणि समारंभांत ओठ न हलवता गुंडू नावाच्या लाकडी बाहुल्याला बोलतं करायचा. कॉलेजात तो आरशासमोर सराव करी. लग्नानंतर आरशाची जागा बायकोने घेतली. तालमीत ती समोर बसायची आणि त्याचे ओठ जरा हलले की टाळी वाजवायची. गुंडूने भल्याभल्यांची फिरकी घेतली, पण लोकेशचे ओठ कुणाला सापडले नाहीत.

यंदा मात्र भीमजयंतीचा कार्यक्रम तोंडावर आला तरी तिला तालमीचं बोलावणं नाही! लोकेश गुंडूला घेऊन खाली सायकलींच्या खोलीत जाई, आतून कडी लावी. त्यात दर बुधवारी साहेब लांबच्या आर्नहेम शहरात. "मीटिंग," म्हणे. धम्मदीपाच्या मनात पाल चुकचुकली. एकदा तिने सरळ दाराला कान लावला.

"दीपाला कधी सांगणार?" गुंडूचा चिरका आवाज.

"कार्यक्रम होऊ दे," लोकेश म्हणाला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आर्नहेमला कोण सटवी बसलीये ते बाहुल्याला ठाऊक, आणि बायकोला पत्ता नाही!

कार्यक्रमाच्या दिवशी युट्रेख्टच्या हॉलमध्ये ती मुद्दाम पहिल्या रांगेत बसली. आज याचे ओठ फसावेत, असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं. ओठ फसले नाहीत. पण गुंडू गप्प असतानाही त्याचा जबडा वाजत होता. बारीक, टकटक.

"याला इथली थंडी बाधली," लोकेशने वेळ मारून नेली. लोक खो खो हसले. धम्मदीपाला हसू येईना. तो जबडा लोकेशच्या उजव्या हाताच्या बोटांवर चालायचा. आणि हल्ली तो चहाचा कप डाव्या हाताने उचलत होता.

परतीच्या ट्रेनमध्ये त्याने नेहमीसारखं विचारलं, "ओठ हलले का गं?"

"ओठ नाही," ती म्हणाली. "हात."

त्याने उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

"आर्नहेमला मेंदूचे डॉक्टर आहेत. जवळपास दाखवलं असतं तर आपलंच कुणीतरी भेटलं असतं. मग खेळ कोण करू देणार?"

तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याचा भयंकर रागही आला. तिने पिशवीतून गुंडूला काढलं आणि त्याच्या पाठीत हात घातला.

"बोला तुम्ही. जबडा मी हलवते."

"दीपा," गुंडू म्हणाला, "हा फार घाबरलाय गं."

या वेळी लोकेशचे ओठ चांगलेच हलले. धम्मदीपाने टाळी वाजवली नाही.